गौरव्वाच्या दावणीला माहेरच्या वगारी

सोलापूरच्या भवानी पेठेत सकाळचं दूध दोन तऱ्हांनी येतं. एक पिशवीतून येतं आणि एक चालत येतं. चालत येणाऱ्या दुधाला शिंगं असतात. ती तलवारीसारखी मागं वळून खांद्याच्याही पलीकडं गेलेली असतात, आणि त्या शिंगांच्या मागं दोन पावलांवर, हातात पितळी चरवी घेऊन गुरुशांत गवळी चालत असतो. पुढं कोण चालतं आणि मागं कोण, यावरून मालक ठरवायचा झाला तर निकाल गुरुशांतच्या विरुद्ध जाईल. पण त्याला त्याचं काही वाटत नाही. उलट तो स्वतःच सांगतो, "मी निस्ता चरवी धरायला हाय."

म्हैस गिऱ्हाइकाच्या दारात उभी करायची, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेलं दूध त्याच्याच पातेल्यात ओतायचं, ही पेठेतल्या गवळ्यांची जुनी रीत. बाकीच्यांनी ती हळूहळू सोडली. कुणी डेअरीला दूध घालायला लागला, कुणी गोठा पाडून गाळे काढले आणि गाळ्यांना म्हशीचं नाव दिलं. गुरुशांत तेवढा राहिला. का राहिलास म्हणून विचारलं तर म्हणतो, "गौरव्वाला सवय हाय."

गौरव्वा म्हणजे ती पुढं चालणारी. तिचं वय गुरुशांत सांगत नाही. बाईमाणसाचं वय चारचौघांत काढू नये, असं त्याचं मत. तिला सगळी घरं पाठ आहेत. कुठल्या दारात थांबायचं, कुठल्या दारात पातेलं मोठं, कुठल्या दारात शिळी भाकरी मिळते, हे तिला सांगावं लागत नाही. मध्यंतरी एका घरानं पिशवीचं दूध सुरू केलं. गौरव्वाला कुणी कळवलं नव्हतं. ती रोजच्यासारखी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि आत बघत राहिली. त्यांनी दार लावून घेतलं, तर दाराकडं बघत राहिली. असं रोज चाललं. शेवटी त्या घरातली माणसंच शरमली आणि पातेलं पुन्हा बाहेर आलं.

सगळ्यात जुनं गिऱ्हाईक पार्वतम्मा. तिच्या डोक्यावरचे सगळे केस पांढरे झाले तरी अजून धार काढताना ती चष्म्यासकट चरवीवर वाकते, कुठं पाणी मिसळतोय का ते बघायला. आजवर तिला पाणी सापडलेलं नाही. त्यामुळं तिचा संशय वाढतच गेलाय.

गुरुशांत म्हशींशी दोन भाषांत बोलतो. लाड कानडीत आणि शिव्या मराठीत. "बा, नन्न तायी, बा," म्हणजे ये गं माझे आई, ये, हे गौरव्वासाठी. आणि "व्हय की माघारी, टवळे," हे दुसरीसाठी. दुसरीचं नाव शेवंती. ती इतक्या गरीब स्वभावाची की तिला शिव्या दिलेल्या कळत नाहीत आणि लाड केलेलेही कळत नाहीत. घरीही गुरुशांतचा हाच नियम. फक्त बायकोच्या, म्हणजे शिवलीलाबाईंच्या वाट्याला मराठी जरा जास्त येते.

गोठा म्हणजे एका बंद पडलेल्या मागाच्या कारखान्यामागचं पत्र्याचं शेड. दावणीला चार खुंटे. दोन भरलेले, दोन रिकामे. दारालगतचा पहिला खुंटा गौरव्वाचा. सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली उभं राहायचं तर दारातून येणारा तेवढा वारा हेच वैभव, आणि ते वैभव शेडात फक्त त्या खुंट्याला होतं. गौरव्वानं ते कधी मागितलं नव्हतं. ती तिथं उभी राहत होती, आणि बाकीचं जग त्या मानानं मागं उभं राहत होतं.

शिवरात्र झाली, पत्रे तापायला लागले, आणि त्याच सुमारास मंद्रूपहून शिवलीलाबाईंचा धाकटा भाऊ सोमशेखर टेंपो घेऊन आला. टेंपोत दोन वगारी होत्या, म्हणजे म्हशीच्या तरण्या पोरी, अजून एकदाही न व्यालेल्या. एक हरणी आणि एक बिजली. बिजली जन्मली त्या वेळी गावातली वीज गेली होती, म्हणून बिजली. सोमशेखरनं गुरंढोरं मोडून रस्त्यावर फरशीचं दुकान टाकलं होतं. "फरशीला वैरण लागत न्हाई, अक्का," हे त्याचं तत्त्वज्ञान. घरची जनावरं बाजारात उभी करायला मन होईना, म्हणून या दोघी त्यानं बहिणीला दिल्या.

शिवलीलाबाईंनी वगारींच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. सोमशेखर शेडात डोकावला. गौरव्वानं त्याच्याकडं पाहिलं. तो एक पाऊल मागं सरला.

"दाजी, तुमची म्हातारी मारकी हाय म्हणं?"

"कोण म्हणलं?"

सोमशेखरनं बहिणीकडं बघायचं इतकं कसोशीनं टाळलं की कोण म्हणलं ते कळून आलं.

"न्हाई, माज्या पोरी लाडाच्या हायत," तो म्हणाला. "शिंग कशाला म्हंतात ते बी त्यास्नी ठावं न्हाई."

माणूस एरवी शहाणा असला तरी मेव्हण्यासमोर त्याचं काहीतरी होतं. गुरुशांतचंही झालं. छाती काढून तो म्हणाला, "हे बघ सोमशेखर, माज्या गौरव्वामुळं या पोरींच्या अंगातनं रक्ताचा एक थेंब जरी निघाला, तर तिला मी सवता, ह्या हातानं, तुज्या टेंपोत चढवतो. ने मंग बाजारात. शब्द हाय माजा."

"शब्द म्हंजी शब्द बरं का, दाजी."

"गवळ्याचा शब्द हाय. पाणी न्हाई त्यात."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, नवरा शब्द देत असला की शिवलीलाबाईंना आधी भांडी घासायची आठवण होते. त्या आत गेल्या.

टेंपो गेला, आणि वगारींना बांधायचं कुठं हा प्रश्न आला. खरं तर तो प्रश्न नव्हताच. मागचे दोन खुंटे रिकामे होते. पण पोरी पडल्या बायकोच्या माहेरच्या. बायकोच्या माहेरचं कुणी आलं की त्याला वाऱ्याला बसवायचं, पहिलं ताट त्याला वाढायचं आणि जाईपर्यंत त्याच्याशी बरं बोलायचं, हे गुरुशांतच्या हाडात मुरलेलं होतं. आलेली माणसं नसून म्हशी आहेत, या फरकानं त्याच्या पाहुणचारात काही फरक पडला नाही. त्यानं गौरव्वाचं दावं सोडलं, तिला मागं मोरीकडच्या खुंट्याला नेऊन बांधलं, शेवंतीला एक खुंटा मागं सरकवलं आणि दारालगतच्या दोन खुंट्यांना हरणी आणि बिजली बांधल्या. सरकीच्या पेंडीची पाटी आली ती आधी त्यांच्यापुढं. मग शेवंतीपुढं, कारण ती वाटेत होती. शेवटी गौरव्वापुढं.

गौरव्वानं पाटीकडं पाहिलं. गुरुशांतकडं पाहिलं. खाल्लं नाही.

"ऊन लागलं असंल," गुरुशांत म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून शेडात जे सुरू झालं त्याला लढाई म्हणता येणार नाही, कारण लढणारी एकटी गौरव्वाच होती. पाण्याला सोडल्या की ती आधी हरणीकडं जायची, मान तिरकी करून शिंगाचा सपाट भाग तिच्या बरगड्यांवर टेकवायची आणि ढकलत भिंतीपर्यंत न्यायची. मग बिजलीकडं. बिजली आडदांड, ती ओरडायची. ती ओरडली की गुरुशांत असेल तिथून धावायचा. हातात काठी, तोंडात मराठी.

"गौरे! लाज वाटती का? लेकरं हायत ती!"

काठी गौरव्वाच्या पाठीवर बसायची. बसायची म्हणजे टेकायची. तिला खरी काठी मारायची गुरुशांतची छाती नव्हती. तो दोघींच्या मधे शिरायचा, बिजलीच्या गळ्यात हात टाकायचा आणि तिला पेंडीची एक मूठ द्यायचा, रडू नये म्हणून. बिजली हुशार होती. ओरडलं की पेंड मिळते, हे ती लगेच शिकली. मग गौरव्वा नुसती वळली तरी ती ओरडायला लागली. ती ओरडली की गुरुशांत गौरव्वावर ओरडायचा, त्यामुळं गौरव्वा पुढच्या खेपेला जरा जास्त जोरानं वळायची. असं ते चाक गरागरा फिरायला लागलं, आणि फिरवणारा मधे उभा राहून म्हणत होता, "ह्या जनावराला झालंय तरी काय?"

गौरव्वाला काय झालंय ते पार्वतम्माच्या दारात दिसलं. गुरुशांत बसला, धार काढायला लागला, आणि चरवीत नुसता टण्‌टण्‌ आवाज. गौरव्वानं पान्हा चोरला होता. पेठेत तिनं असं कधी केलं नव्हतं.

पार्वतम्मा वाकून बघत होती. "काय रे गुरुशांता, आज चरवीच वाजतीय?"

"उनानं, अम्मा."

"उनानं दूध आटतंय का? तुज्याच तोंडावर घाम हाय. तिच्या तोंडावर राग हाय."

"घरी पाव्हण्या आल्यात, अम्मा. वगारी. म्हणून जरा..."

"पाव्हण्या तुज्या, आन् राग तिला?" पार्वतम्मानं पातेलं उचललं. "तुज्या आईलाबी असंच व्हायचं. तुजी आत्या आली की."

या बोलण्याचा विचार करायला गुरुशांतला सवड नव्हती. त्याला वेगळीच काळजी पोखरत होती. शिंगाचा सपाट भाग ठीक आहे, पण टोकही शिंगालाच असतं. एक टोक कुठं लागलं, एक थेंब निघाला, की शब्द आडवा येणार. गौरव्वा टेंपोत. आणि या वयाच्या म्हशीला बाजारात नेऊन उभी केली की तिला दूध काढायला कुणी विकत घेत नाही, हे गवळ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. रात्री जेवताना त्याचा घास हातात राहायचा. शिवलीलाबाई बघायच्या आणि भाकरी वाढायच्या.

मुलगा नंदीश मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्याचा विश्वास असा की जगातल्या कुठल्याही अडचणीवर कुणीतरी व्हिडिओ टाकलेला असतोच, फक्त शोधता आलं पाहिजे. त्यानं शोधला. म्हशींवर सापडला नाही. पण नवी पिल्लं जुन्या जनावरांत कशी मिसळवायची यावर एका गोऱ्या बाईचा सापडला. बाईच्या मांडीवर लांबट, केसाळ, टोकदार तोंडाचं काहीतरी वळवळत होतं.

गुरुशांतनं चष्मा लावला. "हे मुंगूस हाय."

"मुंगूस न्हवं, अप्पा. फेरेट म्हंतात. तिकडं घरात पाळतात."

"उंदीर धरतंय?"

"न्हाई. झोपतंय."

"आन् उठल्यावर?"

"उठल्यावर मोजे पळवतंय."

गुरुशांतनं बाईकडं जरा दयेनं पाहिलं. "बरं. म्हणती काय ती?"

नंदीशनं इंग्रजीतलं आपल्याला जमेल तसं सांगितलं. बाई म्हणते, पहिलं, एकाचं अंथरूण दुसऱ्याला द्या, म्हणजे वासाची ओळख होते. दुसरं, सगळ्यांना एकाच पाण्यानं आंघोळ घाला, सगळ्यांना एकच वास लागला की परकं कोण ते कळत नाही. आणि तिसरं, थोरलं फेरेट धाकट्याला मानगुटीला धरून ओढतं, धाकटं किंचाळतं. तेव्हा मधे पडायचं नाही. घर कुणाचं आहे एवढंच थोरलं सांगत असतं. रक्त निघालं तरच मधे पडायचं.

"रक्त निघाल्यावर मधे पडून काय उपेग?" गुरुशांत कळवळला. "रक्त निघालं की गौरव्वा जाती माजी! लेकरू किंचाळतंय आन् ही बाई बघत बसती? माणूस हाय का कोण?"

तिसरा नियम असा जागीच बाद झाला. पहिला करून बघितला. म्हशींना अंथरूण नसतं, म्हणून नंदीशनं गोणपाट आणलं, बिजलीच्या पाठीवर चांगलं घासलं आणि गौरव्वाच्या नाकापुढं धरलं. गौरव्वानं ते हुंगलं, थोडा विचार केला आणि खाल्लं.

"आता ओळख झाली," गुरुशांत म्हणाला. "नरड्याखाली उतरली."

आणि मग एका सकाळी, रतीब घालून आल्यावर, जे व्हायचं होतं ते झालं. पाण्याच्या हौदाशी गौरव्वा वळली, बिजली सवयीनं ओरडली, गुरुशांत सवयीनं मधे शिरला. गौरव्वानं त्याला चुकवायला मान झटकन वर घेतली आणि शिंगाचं टोक बिजलीच्या कानाला घासून गेलं. कानाच्या कडेला एक बारीक लाल रेघ उमटली. रेघेच्या खालच्या टोकाला एक थेंब जमला, लोंबकळला आणि शेणात पडला.

शेडात कोणी नव्हतं. नंदीश दुकानात, शिवलीलाबाई घरात. गुरुशांतनं थेंबावर पाय ठेवला. मग पाय ठेवून उभं राहण्यात अर्थ नाही हे ध्यानात येऊन तो कोनाड्याकडं पळाला. तिथं हळदीचा डबा आणि गोडेतेलाची बाटली असते. त्यानं तळहातावर हळद-तेल कालवलं आणि बिजलीच्या कानाला लावलं. रक्त थांबलं. पण काळ्या म्हशीचा एक कान पिवळाधमक झाला. लांबून दिसणारा.

यावर दुसऱ्या कुणी कान पुसला असता. गुरुशांतनं दुसरा कान पिवळा केला. एकटी बिजलीच पिवळी दिसायला लागली, तेव्हा त्यानं हरणीचे कान रंगवले. मग शेवंतीचे. शेवंतीला कळलं नाही. मग गौरव्वाचे. तरी डबा संपेना, म्हणून चौघींच्या गळ्यांना, कपाळांना, पाठीच्या कण्यावरून एकेक पट्टा. काम संपलं तेव्हा शेडात लग्नघर उतरल्यासारखा वास सुटला होता, आणि दारात शिवलीलाबाई कडेवर पाटी घेऊन उभ्या होत्या.

"काय हाय आज?"

"सोमवार की," गुरुशांत म्हणाला. "महादेवाचा वार. म्हणलं जरा हळद लावावी."

"आज बुधवार हाय."

"मंग बुधवार."

शिवलीलाबाई पुढं झाल्या. बिजलीचा कान त्यांनी दोन बोटांत धरला, उलटा करून पाहिला, सोडला. नवऱ्याकडं पाहिलं. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. "कडबा संपलाय," त्या म्हणाल्या. "घिऊन या."

कडबा संपलेला नव्हता. पण गुरुशांतला तिथून निघायचंच होतं.

तो डोक्यावर पेंढ्या घेऊन परतला तेव्हा शेड बदललेलं होतं. दारालगतच्या खुंट्याला गौरव्वा. तिच्याशेजारी शेवंती. दोन्ही वगारी मागं, मोरीकडं. शिवलीलाबाई पेंडीची पाटी घेऊन गौरव्वापुढं उभ्या होत्या, आणि तिचं तोंड भरलं तेव्हाच पाटी पुढं सरकली.

"अगं, पोरी मागं?" गुरुशांत दबकत म्हणाला. "तुज्या माहेरच्या हायत त्या."

"म्हणूनच." शिवलीलाबाईंनी पाटी खाली ठेवली. "तुमी त्यास्नी पाव्हण्या करून ठिवल्या. पाव्हणी कवा घरची हुती का? ती जाईस्तवर घरातल्या बाईनं तोंड दाबून ऱ्हायाचं, एवढंच असतंय. आन् ह्या तर जाणाऱ्या न्हाईत. मंग ती किती दिस दाबंल?"

"पर पहिलं ताट..."

"मी ह्या घरात आल्यावर मला पहिलं ताट दिल्यालं का तुमच्या अव्वानं?"

गुरुशांतला ते ताट चांगलं आठवत होतं. त्यानं पेंढ्या उतरवायचं काम लावून धरलं.

संध्याकाळी चौघींना पाण्याला सोडलं. गौरव्वा बिजलीकडं गेली. हुंगलं. हळद. मानेला हुंगलं. हळद. शेवंतीला हुंगून आली, तिथंही हळद. तिला जरा गोंधळल्यासारखं झालं असावं. तरी आपलं म्हणून तिनं मान तिरकी केली आणि बिजलीला एक ढुशी दिली. बिजली ओरडली. गुरुशांत उठला, आणि मागून त्याच्या सदऱ्याची कड कुणीतरी धरली.

"बसा," शिवलीलाबाई म्हणाल्या.

"अगं पर..."

"बसा म्हणते न्हवं."

बिजलीनं आणखी एकदा ओरडून पाहिलं. कुणी आलं नाही. पेंडही आली नाही. तिनं दाराकडं पाहिलं, गौरव्वाकडं पाहिलं, आणि मान खाली घालून दोन पावलं मागं सरली. गौरव्वा हौदावर गेली, पोटभर पाणी प्याली आणि बाजूला झाली. मग बिजली प्याली.

यानंतर घरात तीन मतं झाली. नंदीश म्हणाला, बघा, एकच वास आणि मधे पडायचं नाही, गोरी बाई हेच तर सांगत होती. गुरुशांत म्हणाला, हळदीत गुण असतो. शिवलीलाबाई रोज पाटी घेऊन आधी दाराकडं जात राहिल्या.

उन्हं वाढली. बिजली गौरव्वाला चिकटली. दुपारी दावं सोडलं की ती येऊन बसलेल्या गौरव्वाशेजारी बसायची, तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून. गौरव्वा तेवढं चालवून घ्यायची. पान्हा परत आला, पार्वतम्माचं पातेलं भरलं, आणि तिनं पुन्हा पाणी शोधायला सुरुवात केली. पण थेंब पडला होता, आणि तो पडलेला गुरुशांतला ठाऊक होता.

सोमशेखर आला तो बाजाराच्या दिवशी, टेंपो घेऊनच. टेंपो रिकामा होता. सोमशेखरनं वगारींच्या पाठी थोपटल्या, आणि बिजलीचा कान त्याच्या हातात आला. कडेला जखम भरून आलेली एक गुळगुळीत रेघ होती.

"हे काय, दाजी?"

तारेला लागलं, पत्र्याला लागलं, कावळ्यानं टोचलं, अशी तीन उत्तरं गुरुशांतच्या जिभेपर्यंत आली. दारात शिवलीलाबाई उभ्या होत्या. त्या खुणावत नव्हत्या, अडवतही नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

"गौरव्वाचं शिंग," गुरुशांत म्हणाला. "रक्त आलं व्हतं."

सोमशेखरला हे इतक्या लवकर कबूल होईल असं वाटलं नव्हतं. तो जरा घोटाळला, पण फरशीवाला झाला म्हणून काय झालं, दाजींनी दिलेला शब्द तो सोडणार नव्हता. "मंग दाजी, शब्द म्हंजी..."

"ठावं हाय."

गुरुशांतनं गौरव्वाचं दावं सोडलं. कानडीत काहीतरी पुटपुटला, ते शेजारच्या शेवंतीलाही ऐकू गेलं नाही. गौरव्वा निमूट निघाली. सकाळची चक्कर झाली असली तरी मालकाला पुन्हा एकदा फिरावंसं वाटत असेल तर तिची हरकत नव्हती. टेंपोला फळी लावलेली होती. ती फळी चढून वर गेली आणि वरून पेठेकडं बघत उभी राहिली.

शेडात खुंटा उपटल्याचा आवाज आला. बिजली दाव्यासकट, दाव्याला लोंबणाऱ्या खुंट्यासकट बाहेर आली, सोमशेखरला वळसा घालून फळीवर चढली आणि गौरव्वाच्या मागं जाऊन उभी राहिली. हरणी आत बांधलेली होती, ती हंबरायला लागली.

"ए, उतर!" सोमशेखर टेंपोत चढला. "बिजली! आगं मी हाय की! घरचा हाय!"

त्यानं दावं ओढलं. बिजलीनं मान तिरकी केली, अगदी गौरव्वा करायची तशी, आणि एक ढुशी दिली. तिला ती अजून नीट जमत नव्हती. सपाट भागाऐवजी टोक लागलं. सोमशेखर फळीवरून घसरत खाली आला आणि उठला तेव्हा त्याच्या कोपराला लाल रेघ होती. रेघेच्या टोकाला थेंब.

शिवलीलाबाई आत गेल्या आणि कोनाड्यातला हळदीचा डबा घेऊन आल्या.

"सोमू, बस खाली." त्यांनी त्याचा हात धरला आणि हळद-तेल लावलं. सढळ हातानं, मनगटापर्यंत. "रक्त निघालं की बाजारात न्याचं, असं ठरलंय न्हवं तुमच्या दोगांत? मंग आता बिजलीलाबी ने. शब्द म्हंजी शब्द."

"अक्का, तिला कशाला? ती आपल्या घरची हाय."

"म्हातारीबी हाय."

सोमशेखरनं टेंपोत पाहिलं. दोघी शेजारी उभ्या होत्या, दोघींची तोंडं एकाच बाजूला. हरणी आत हंबरत होती, म्हणजे तिचाही टेंपोत बसायचा विचार पक्का होता. शेवंतीचं काही सांगता येत नव्हतं. चौघी नेल्या तर मागं दाजी आणि चरवी तेवढी उरणार, आणि गावात आई विचारणार, अक्काचा गोठा मोकळा करून आलास का म्हणून.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "उतरवा, दाजी. शब्द फिटला असं समजू."

"असं कसं फिटंल?" गुरुशांतला आता चेव आला. "गवळ्याचा..."

"ओ," शिवलीलाबाई म्हणाल्या.

गुरुशांतनं टेंपोची फळी नीट केली. गौरव्वा खाली उतरली, हळद लागलेल्या सोमशेखरपाशी थांबली, त्याच्या हाताला हुंगलं आणि काही न करता पुढं गेली. मागून बिजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरव्वा निघाली तशी बिजलीही निघाली. मागं ठेवायचा प्रयत्न केला तर तिनं नव्यानं ठोकलेला खुंटाही उपटला. पेठेतनं तिचा पहिला फेरा भाजीवाल्यांच्या कायमचा लक्षात राहिला. एका गाड्यावरची मेथी, दुसऱ्यावरचा कोबी, आणि ज्या दारात दूध घालायचं नव्हतं तिथलं तुळशीचं रोप. गुरुशांत पुढं पळत माफी मागत होता आणि मागून येऊन पुन्हा मागत होता. गौरव्वानं एकदा वळून पाहिलं, एक ढुशी दिली. बिजली रांगेत आली. गुरुशांत मधे पडला नाही.

पार्वतम्मा पातेलं घेऊन बाहेर आली, आणि चष्मा वर करून मागच्या म्हशीकडं बघत राहिली.

"ही कोण रे? दूध देती का?"

"न्हाई, अम्मा. अजून व्यायची हाय."

"मंग आणलीस कशाला?"

"मी न्हाई आणली," गुरुशांत चरवी घेऊन बसत म्हणाला. "गौरव्वानं आणली. घरं दाखवायला."